भाजलेल्या मातीला रंग द्यायचा, तोही पुन्हा भट्टी न लावता

माझ्या गच्चीवर मातीचं एक कासव आहे. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलं तेव्हा ते नुसतं विटकरी होतं, पाठीवर बोटानं दाबून उठवलेली खवल्यांची नक्षी. पहिल्याच वर्षी मी त्याला ऑइल पेंटचे दोन हात मारले. रंगाच्या दुकानात मला सांगितलं होतं, "ताई, बाहेर ठेवायचंय ना, मग ऑइल पेंटच घ्या. पाणी आत जाणारच नाही." जूनमध्ये पाऊस लागला आणि श्रावण संपेपर्यंत कासवाच्या पाठीवर फोड आले. एक फोड नखानं उचकटला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला, आणि पोपड्याखाली पिठासारखी पांढरी भुकटी.

रंग हलका नव्हता, हातही नीट मारले होते. पण सगळं लक्ष वरून पडणाऱ्या पावसाकडे होतं आणि पाणी आलं ते खालून. कासव ओल्या फरशीवर बसलं होतं, पोटाकडून पाणी शोषत होतं आणि पाठीतून ते बाहेर टाकू पाहत होतं. वाटेत ऑइल पेंटची बंद कातडी आली, म्हणून फोड.

माठातलं पाणी गार होतं तेही ह्याच गुणामुळे. कुंभाराच्या भट्टीत माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली जाते. त्या आचेला ती दगडासारखी घट्ट होते, पण काचेसारखी बंद होत नाही. बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं आणि पृष्ठभागावर येऊन उडून जातं. बागेतल्या मातीच्या वस्तूला रंग द्यायचा तर हे झिरपणं थांबवायला जाऊ नका, त्याला वाट ठेवा. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीभोवती फिरतं.

भाजल्यानंतर रंगवण्यात कमीपणा काही नाही. राजस्थानातल्या मोलेला गावचे कुंभार देवतांच्या मातीच्या पाट्या भाजून झाल्यावरच रंगवतात. तमिळनाडूत गावाच्या वेशीवर अय्यनार देवाचे मातीचे भले मोठे घोडे असतात, तेही भाजल्यावर रंगवलेले, आणि उत्सवाच्या वेळी पुन्हा रंगवले जाणारे. चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली विहीर खणताना सापडलेलं मातीचं सैन्य आज करडं दिसतं, पण ते मूळचं रंगीत होतं. भाजलेल्या मातीवर आधी झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचा थर आणि त्यावर रंग, अशी रीत होती. दोन हजारांहून जास्त वर्षं जमिनीच्या ओलाव्यात राहिलेला तो थर उघड्यावर आला की वाळतो, आकसतो आणि काही मिनिटांत रंगासकट गळून पडतो. माती शाबूत, रंग शाबूत, दगा दिला तो मधल्या थरानं. माझ्या कासवाच्या बाबतीत लहान प्रमाणात हेच घडलं.

आधी वस्तू ओळखा

वस्तू उलटी करून तळाशी, जिथे चकाकी नाही अशा जागी, पाण्याचे दोन थेंब टाका. अर्ध्या मिनिटात थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर माती सच्छिद्र आहे. आपल्याकडच्या कुंड्या, मातीचे पक्षी, मुखवटे, दिवे जवळजवळ सगळे ह्यातलेच. थेंब तसाच गोल उभा राहिला तर वस्तू एक तर जास्त आचेवर भाजलेली स्टोनवेअर आहे किंवा तिच्यावर आधीच कुणीतरी काहीतरी फासलंय. वरून काचेसारखा चकचकीत थर असेल तर ती ग्लेझची वस्तू, तिची रीत वेगळी.

मग बोटाच्या पेरानं टिचकी मारा. माठ घेताना मारतो तशी. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे आणि तो आत्ताच शोधा, कारण रंगाखाली गेलेला तडा पावसाळ्यातच दिसतो. तडा एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीनं भरता येतो. पुट्टी मळताना त्यात त्याच मातीची बारीक वस्त्रगाळ भुकटी घातली तर जोड फार उठून दिसत नाही. मात्र पुट्टी पाणी शोषत नाही, त्यामुळे पातळ रंग तिच्यावर मुरणार नाही. तेवढ्या जागेवर नंतर दाट अ‍ॅक्रिलिक रंगानं हात फिरवावा लागतो.

लोणा काढणं आणि वाळवणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक रंग इथेच फसतो, म्हणून इथे वेळ द्या.

कुंडीवर येणारी पांढरी भुकटी म्हणजे लोणा. मातीतले, बोअरच्या जड पाण्यातले आणि रासायनिक खतांतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यावर रंग दिला तर रंग मातीला न चिकटता भुकटीला चिकटतो. लोणा दिसला की आपला हात आधी पाण्याकडे जातो, पण पाणी ओतलं की क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. आधी कोरड्या काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशनं घासून भुकटी झटका. मग वस्तू बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, तीन-चार दिवस. शक्यतो नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बोअरचं नको. हट्टी डागांना एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून घासता येतं, पण नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

शेवाळ असेल तर कपड्यांचं ब्लीच एकास दहा पाण्यात घालून लावा, पंधरा मिनिटांनी घासून धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी, एकाच बादलीत कधीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. जुना रंग खरवडायचा असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ओला करून घासा. कोरडं घासलं की मातीची बारीक धूळ आणि जुन्या रंगाची भुकटी नाकात जाते.

आता वाळवणं. वरून कोरडी दिसणारी वस्तू आतून कितीतरी ओली असते. ती खरंच वाळली का हे कळायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. कासव पाण्यातून काढलं तेव्हा २ किलो ३४० ग्रॅम भरलं. गच्चीवर उन्हात चार विटांवर ठेवलं, खालूनही वारा लागेल असं. दुसऱ्या दिवशी २ किलो १५०. हाताला ते अगदी कोरडं लागत होतं, रंगही फिकट झाला होता, मी पूर्वीसारखी घाई केली असती तर तेव्हाच ब्रश घेतला असता. पाचव्या दिवशी २ किलो ६० झालं आणि सहाव्या दिवशीही तेवढंच राहिलं. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही की वस्तू वाळली. काट्यावर न मावणारी मोठी कुंडी असेल तर तिला पारदर्शक प्लॅस्टिक पिशवी घट्ट बांधून दोन तास उन्हात ठेवा. पिशवीच्या आत बाष्प धरलं तर अजून थांबा.

म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं, फार तर फाल्गुनापर्यंत. मे महिन्यात वस्तू लवकर वाळते खरी, पण तापलेल्या मातीवर रंगातलं पाणी क्षणात उडतं, रंग बसत नाही, पुसला तर बोटाला लागतो. उन्हाळ्यात करायचंच तर सकाळी लवकर, सावलीत. पावसाळ्यात अजिबात नको.

पहिली वाट: ऑक्साईडचं पातळ पाणी

नक्षी असलेल्या वस्तूंसाठी मला हीच रीत सगळ्यात आवडते. रंगाचा थर दिसत नाही, माती मातीच दिसते, फक्त खोल होते.

लादीकामाला वापरतात ती ऑक्साईडची भुकटी हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. लाल, पिवळी, तपकिरी, काळी, ही चारही लोखंडाची ऑक्साईडं. गेरू, म्हणजे आपली काव, हीसुद्धा मुळात तीच. ऊन त्यांचं काही बिघडवू शकत नाही. हिरव्या-निळ्याबद्दल मात्र सावध राहा. क्रोमियम ऑक्साईडचा हिरवा पक्का असतो, पण महाग. स्वस्त हिरव्या-निळ्या भुकट्यांत कधी कधी उडणारे रंग मिसळलेले असतात. थोडी भुकटी चुन्याच्या निवळीत कालवून खापरीवर लावा, अर्धी खापरी कागदानं झाका आणि आठ दिवस उन्हात ठेवा. दोन भागांत फरक दिसला तर ती भुकटी बागेसाठी नाही. होळीचे रंग, खाण्याचे रंग, चमचमते फ्लोरोसंट रंग ह्या कामात धरूच नका.

प्रमाण असं: एक मोठा चमचा भुकटी, दोन मोठे चमचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मीडियम (भुकटी धरून ठेवणारा बिनरंगी द्रव), अर्धी वाटी पाणी. भुकटी आधी चमचाभर पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून, बोटानं चांगली मळून घ्या, नाहीतर गाठी राहतात. मग मीडियम, मग उरलेलं पाणी. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. मिश्रण पातळ ताकासारखं हवं. मीडियम वाढवलं की रंग पक्का होत नाही, उलट वर प्लॅस्टिकची पातळ कातडी धरते आणि गोष्ट पुन्हा फोडांपाशी येते.

कुंभाराकडे फुटक्या खापऱ्या पडलेल्या असतात, मागितल्या की मिळतात. पहिला रंग नेहमी त्यांच्यावर. प्रत्येक माती वेगळी शोषते.

कासवाचं असं केलं. आधी स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा नुसता शिडकावा, मातीची तहान भागण्यापुरता, म्हणजे रंग एका जागी ओढला जात नाही. मग मऊ ब्रशनं तपकिरी पाणी पाठीवर, खवल्यांच्या मधल्या खाचांत नीट भरेल असं. पाच मिनिटं थांबले. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळलं, बोटाला गुंडाळलं आणि फक्त वरच्या फुगीर भागावरून फिरवलं. उंचवट्यावरचा रंग निघून आला, खाचांतला राहिला, आणि कुंभाराच्या बोटाचे ठसे, जे आजवर मला दिसलेच नव्हते, एकेक करून वर आले. एका खवल्यात तर अंगठ्याच्या रेषाही होत्या. दुसऱ्या दिवशी उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं पिवळ्या ऑक्साईडचा हात फिरवला. एवढंच. दोन रंग पुरतात, तिसऱ्याला वस्तू बाजारातली खेळणी दिसायला लागते असं माझं मत आहे.

दुसरी वाट: चुना

तुळशीवृंदावन, उभे दिवे, साध्या आकाराच्या मोठ्या कुंड्या ह्यांना चुना शोभतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे मातीच्या छिद्रांत दगडच धरतो, आणि तरीही श्वास घेत राहतो. कोकणातली आणि गोव्यातली कावी कला ह्याच जोडीवर उभी आहे: चुन्याच्या पांढऱ्या थरावर काव घातलेला लाल थर, तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. कोकणचा पाऊस झेलणाऱ्या देवळांच्या भिंतींवर ती नक्षी आजही पाहता येते.

चुन्याची कळी घरी विरवायला जाऊ नका, पाणी पडताच ती उकळते आणि अंगावर उडते. तयार भिजवलेला चुना आणा. तो पाण्यात कालवून दुधासारखा पातळ करा, गाळून घ्या. रंग हवा असेल तर काव किंवा पिवळं ऑक्साईड, चुन्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत. हातमोजे आणि चष्मा लागतोच. डोळ्यात उडाला तर लगेच बराच वेळ साध्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टर गाठा.

इथे एक गोष्ट उलटी आहे. लोणा काढून वस्तू पूर्ण वाळवलीत, तरी चुना लावण्याआधी ती स्वच्छ पाण्यानं पुन्हा ओलसर करा. कोरड्या मातीनं चुन्यातलं पाणी ओढलं तर चुना धरत नाही, नुसती भुकटी उरते. पातळ हात द्या, प्रत्येक हात दुसऱ्या दिवशी, असे तीन-चार. पहिला हात लावल्यावर काहीच दिसत नाही, वाळल्यावर पांढरा वर येतो, म्हणून दाट लावायचा मोह आवरा. दाट चुना तडकतो. वस्तू सावलीत ठेवा आणि आठवडाभर रोज हलका शिडकावा द्या.

तिसरी वाट: अ‍ॅक्रिलिक

मोर निळाच हवा, पोपट हिरवाच हवा, तर अ‍ॅक्रिलिक घ्या. मोठ्या वस्तूंना बाहेरच्या भिंतींसाठीचं एक्सटीरिअर इमल्शन, बारीक कामाला ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक रंग. पहिला हात चौथाई पाणी घालून पातळ, मातीत मुरेल असा, तोच प्रायमर. चार-सहा तासांनी दुसरा, मग तिसरा, दोन्ही पातळ. ट्यूबवर रंग किती उन्हात टिकतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. गुलाबी आणि जांभळ्या छटा बहुधा आधी उडतात.

तळ आणि आतली बाजू रंगवू नका, पाणी बाहेर पडायला तीच दारं आहेत. पण कुंडीत माती आणि झाड असेल तर पाणी रोज आतून बाहेर ढकललं जाणार, आणि बाहेरचा अ‍ॅक्रिलिक थर ते फार दिवस सोसणार नाही. दोनच उपाय आहेत. एक, झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती रंगवलेल्या कुंडीत ठेवायची. दुसरा, कुंडीला आतून सिमेंट-पॉलिमरचं दोन भागांचं वॉटरप्रूफिंग, दोन हात, निचऱ्याचं भोक मोकळं ठेवून. मला पहिला सोपा वाटतो.

ग्लेझच्या वस्तूवर ह्यातलं काहीच मुरणार नाही. तिथे २२० नंबरच्या वॉटर पेपरनं चकाकी मारा, स्पिरिटनं पुसा, काचेला आणि टाइल्सना धरणारा प्रायमर लावा आणि त्यावर रंग. नुसत्या इपॉक्सी रंगावर थांबू नका, उन्हात तो पिवळा पडतो आणि त्यावर भुकटी धरते.

वरचा हात

ऑक्साईडनं रंगवलेल्या, माती न भरलेल्या वस्तूला विटांच्या भिंतींसाठी मिळणारं सिलेन-सिलोक्सेन वॉटर रिपेलंट द्या. ते आत मुरतं, वर कातडी धरत नाही, पाण्याचा थेंब आत मुरत नाही पण वाफ बाहेर जाते. वस्तू पूर्ण कोरडी हवी. दोन हात, पण पहिला ओला असतानाच दुसरा, कारण पहिला वाळला की दुसऱ्याला तो आत घेत नाही. आणि हे नेहमी सगळ्यात शेवटी, त्यावर पुन्हा रंग बसत नाही. माती भरलेल्या कुंडीला बाहेरून हे लावू नका: क्षार बाहेर येऊ शकत नाहीत, पृष्ठभागाच्या आतच साचतात आणि मातीचे टवके उडवतात.

अ‍ॅक्रिलिकवर हवाच तर बाहेरच्या वापराचा मॅट क्लिअर कोट, एकच हात. चुन्यावर काहीही नको. लाकडाचं लाखेचं पॉलिश टाळा, पाणी लागलं की ते पांढरं पडतं. कुणी जवसाचं तेल लावतात. मातीला छान गडद रंग येतो, पण आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. लावलंत तर एक लक्षात असू द्या: तेलात भिजलेली फडकी चुरगाळून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

दोन जागी रंग देऊच नका. पक्ष्यांना पाणी ठेवायचं भांडं आतून, आणि मासे किंवा कमळं असलेल्या टाकीत बुडणारी कोणतीही वस्तू. बागेतल्या देवाच्या मूर्तीला शेंदूर लावायची इच्छा होते, पण शेंदूर म्हणून मिळणाऱ्या भुकटीत शिसं असू शकतं. तिच्याऐवजी लाल ऑक्साईड घ्या. माळ्यावर सापडलेला जुना रंगाचा डबाही नको. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा कमी ठेवायचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही.

बागेत ठेवताना

रंग झाल्यावर पंधरा दिवस वस्तू सावलीत, पावसाबाहेर राहू द्या. मग ठेवताना ती थेट मातीवर किंवा फरशीवर टेकवू नका. टाइलचे तीन तुकडे किंवा तीन चपटे खडे खाली द्या, बोटभर पोकळी ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीनं खालून येणारं पाणी तुटतं. परदेशात, जिथे थंडीत बर्फ पडतो तिथे राहत असाल तर सच्छिद्र मातीची वस्तू हिवाळ्यात घरात किंवा गॅरेजमध्ये घ्या. छिद्रांतलं पाणी गोठताना फुगतं आणि रंग कोणताही असो, माती फोडतं.

पावसाळा ओसरला की दरवर्षी एकदा वस्तू हातात घेऊन बघा. ऑक्साईडचा रंग कुठे फिका झाला असेल तर रिपेलंट विरेपर्यंत वाट पाहावी लागते: पाण्याचा थेंब पुन्हा मुरायला लागला की तेवढ्याच जागी पातळ हात द्या, पुसा, आणि वर नवं रिपेलंट. चुन्याला दिवाळीत एक हात. अ‍ॅक्रिलिकचा पोपडा दिसला तर त्यावर रंग चढवू नका, कडेपर्यंत खरवडा, खाली लोणा आहे का बघा, आणि असेल तर पुन्हा बादलीपासून सुरुवात करा. कासवाला आता तिसरा पावसाळा झालाय. उजव्या मागच्या पायापाशी पिवळा जरा उतरलाय, थेंब अजून तिथे गोल उभा राहतो, म्हणून तो पाय मी पुढच्या मार्गशीर्षासाठी ठेवलाय.